चौदा घरांचा डोंगर

डोंगरावर मशीन येणार हे आम्हांला सांगितलं ते आमच्या भाडेकरूने. तो बेळगावकडचा, जेसीबी चालवणारा. गोव्यात, डिचोली तालुक्यातल्या आमच्या चौदा घरांच्या वाड्यावर, आमच्याच मागच्या खोलीत तो बायकोबरोबर राहत होता. शिगमा होऊन आठवडा झाला असेल. गुरुवारी संध्याकाळी तो कामावरून आला आणि हातपाय न धुताच आमच्या सोप्यावर टेकला.

"काका, सोमवारपास्नं माझी गाडी तुमच्या डोंगरावर लागणार हाय," तो म्हणाला.

भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, डोंगर बंगल्यांच्या प्लॉटसाठी विकला आहे ही गोष्ट दोन वर्षं कानावर होती. आम्ही अर्ज केले होते, ग्रामसभेत बोललो होतो. पण कागद सगळे त्यांच्या बाजूने होते. तरीही कागदावरचा डोंगर आणि घरामागचा डोंगर वेगळे आहेत असं आम्ही कुठेतरी धरून चाललो होतो.

"तू नाही म्हणू शकत नाहीस?" मी शेवटी विचारलं. बोलल्यावर माझं मलाच ते चुकीचं वाटलं.

"मी न्हाई म्हटलो तर दुसरा येतोय," तो खाली बघत म्हणाला. "तुम्हांला सांगावं म्हणून सांगितलं."

ही बातमी मी प्रथम शेजारच्या काकीला सांगितली, कारण त्या डोंगरावर जर कुणाचा खरा हक्क असेल तर तो तिचा होता. चवथीला गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, पानं, फुलं बांधतात, तिला आम्ही माटोळी म्हणतो. काकी लग्न होऊन आली तेव्हापासून माटोळीचं सामान डोंगरावरून आणून डिचोलीच्या बाजारात विकत आली होती. सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. कुठल्या खडकामागे कांगलांचा वेल चढतो, माट्टीच्या झाडाला कधी फळ धरतं, हे तिच्याइतकं वाड्यावर कुणाला ठाऊक नव्हतं.

ऐकून ती रडली नाही. तांदूळ निवडत होती, ते सूप बाजूला ठेवलं.

"तूं खाणीर झाडां लायतालो न्हय?" तिने मला विचारलं.

"लावत होतो."

"मगीर फाल्यां सकाळीं खोरें घेवन ये. जितलें मेळटा तितलें घरा हाडूया."

उद्या सकाळी जाऊन मिळेल तेवढं रान घरी आणायचं म्हणत होती ती. तिला वाटत होतं मला झाडांतलं सगळं कळतं. मला किती कळत होतं ते मला माहीत होतं. अठरा वर्षं मी एका खाणीच्या नर्सरीत होतो. खनिज काढून उरलेल्या मातीचे ढीग हिरवे करायचे, एवढंच आमचं काम. त्यासाठी एकच झाड असायचं, परदेशी आकेशिया. बी टाकलं की उगवायचं, खत नको, पाणी नको, गुरंही तोंड लावत नसत. हजारो पिशव्या मी भरल्या. खाणी बंद पडल्या, नोकरी गेली, पण ती झाडं अजून आहेत; आमच्या अंगणातून नदीपलीकडे पाहिलं की दिसतात. त्यांच्याखाली गवतही उगवत नाही. आपल्या रानातलं एक झाड बियांपासून वाढवायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. आणि काकीने तर आयुष्यात रानातलं काही लावलंच नव्हतं. ते आपोआप येत होतं, ती काढून आणत होती.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघंच गेलो. दुपारपर्यंत वाड्यावर बातमी पसरली आणि शनिवारी नऊ घरांतली माणसं आली. माझी बायको आली, समोरच्या घरातली वयनी तिच्या दोन्ही जावांना घेऊन आली. पिकाव, कोयते, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. दिवस उन्हाचे. झाड उपटून दुसरीकडे लावायला याच्याइतका वाईट काळ नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण पावसाची वाट बघायला डोंगर कुठे राहणार होता?

माट्टीची हातभर उंचीची रोपं खणायला गेलो तर त्यांचं सोटमूळ जांभ्या दगडाच्या फटीत खोल गेलेलं. अर्ध्यावर तुटायचं. तुटल्याचा आवाज यायचा आणि सगळे माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "चालेल, घ्या." चालणार नाही हे मला माहीत होतं.

काकी मात्र न दिसणाऱ्या वस्तू काढत होती. एका काळ्या दगडाजवळ ती थांबली आणि म्हणाली, "हांगा खण."

"इथे काहीच नाही, काकी."

"पावसांत आसता. तूं खण."

मी खणलं. वीतभर खाली बटाट्यासारखा कंद लागला. फागलांचा. घाटावर याच्या फळाला कंटोली म्हणतात. काटेरी, हिरवं, लिंबापेक्षा थोडं मोठं. उन्हाळ्यात वेल वाळून जातो, वर काही खूण राहत नाही. त्या दिवशी काकीने असे अकरा कंद दाखवले, एकही जागा चुकली नाही. संध्याकाळी उतरताना तिने आपल्या पदरात एक मूठ मातीही बांधून घेतली.

रविवारी रात्र व्हायच्या आत वाटप झालं. काकीचं म्हणणं होतं, एका घरात डोंगर मावणार नाही, सगळ्यांनी थोडा थोडा घ्यायचा. एकाकडचं मेलं तर दुसऱ्याकडचं राहील. वाड्यावर घरं चौदा. शेवटी चौदाही घरांनी काही ना काही घेतलं. कुणी तिरफळाची रोपं, कुणी शेरवडाच्या फांद्या, कुणी कांगलांचे वेल, आणि फागलांचे कंद सात घरांत. आमच्या भाडेकरूच्या बायकोनेही एक झाड मागितलं. तिला शेरवड दिलं. तो स्वतः त्या दिवशी खोलीबाहेर आला नाही.

सोमवारी साडेआठला मशीनचा आवाज सुरू झाला.

पुढचे दोन महिने कसे गेले ते सलग आठवत नाहीत. लाल धूळ आठवते. पानांवर इतकी बसायची की झाड कुठलं ते ओळखू येत नसे. बायका ओल्या फडक्याने पानं पुसायच्या, दुपारपर्यंत पुन्हा तेच. मी रोज सकाळी घरोघर फिरायचो. माट्टीची रोपं आधी गेली. पानं झडली, खोड वाळलं, नखाने खरवडलं की आत तपकिरी. तरी लोक मला विचारायचे, "भाऊ, जगतलें न्हय?" मी म्हणायचो, "पाणी घालत राहा." मेलेल्या झाडाला पाणी घालायला सांगणं हे माझं त्या वैशाखातलं काम होतं.

मग पाणीच संपलं. आमच्या वाड्याच्या विहिरीला डोंगराची झर होती. त्या वर्षी मे महिन्यात मी पहिल्यांदा त्या विहिरीचा तळ पाहिला. नळाला एक दिवसाआड तासभर पाणी. भांडणं सुरू झाली. तांदूळ धुतलेलं पाणी, भांडी विसळलेलं पाणी झाडांना घालायचं असं ठरलं होतं, पण सासवा-सुनांत त्यावरून शब्दाला शब्द वाढायला लागले.

एक दिवस समोरची वयनी आमच्या दारात आली. तिच्या हातात कुंडी होती, तिच्यात तिरफळाचं रोप, अजून हिरवं.

"भाऊ, आता नाका," ती म्हणाली. "भुरग्यांक न्हाणोवंक उदक ना. हांव झाडांक घालूं काय तांकां?"

पोरांच्या अंघोळीला पाणी नाही म्हटल्यावर मला तिचा राग आला नाही. मी कुंडी घेतली. ती जाताना म्हणाली, "काकीक सांगूं नाका."

दुसऱ्या दिवशी सकाळी पदेर पाव देऊन गेला तेव्हा मी दार उघडलं, तर अंगणाच्या कडेला आणखी नऊ कुंड्या ठेवलेल्या. कुणी ठेवल्या ते कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी आणखी. आठवड्यात माझ्या अंगणात चाळीसेक कुंड्या आणि डबे जमले, आणि आमच्याकडे दोघांना प्यायला पुरेल एवढंच पाणी. मी नदीवरून स्कूटरला कॅन बांधून पाणी आणायला लागलो. नदीचं पाणी त्या महिन्यात मचूळ असतं. बायको म्हणाली, "अहो, हे घालून मारताय तुम्ही त्यांना."

मी तिथेच उंबऱ्यावर बसलो. समोर नदीपलीकडे माझा आकेशिया हिरवागार उभा होता. त्याला कुणी पाणी घालत नव्हतं. मला इतकं लाजल्यासारखं झालं की मी नदीकडे पाठ फिरवून बसलो. त्या दुपारी मी बायकोला म्हटलं, सगळ्या कुंड्या उलट्या करून टाकू. मी एकही उलटी केली नाही, पण ते धीरामुळे नव्हे. मला उठवतच नव्हतं.

पाऊस सुरू झाल्यावर वाटलं होतं, आता जे उरलं ते तरेल. कांगलांचे दोन वेल होते, शेरवड चार, तिरफळ तीन. आणि फागलांचे सात कंद फुटले. जमिनीतून बोटभर हिरवा कोंब वर येताना पाहून माणसं परत यायला लागली. वयनी तिचं तिरफळ घेऊन गेली. बहुतेकांनी कुंड्यांतली झाडं अंगणात मातीत लावली.

आषाढात तीन दिवस सतत कोसळला. तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगराची उघडी माती खाली आली. आवाज फार मोठा झाला नाही. दाट लाल चिखल पायवाटेने वाहत आला आणि खालच्या पाच घरांच्या अंगणांत भरला. काकीचं घर सगळ्यांत खाली. तिच्या मागच्या भिंतीला कमरेइतका चिखल लागला होता, पडवीत गुडघ्याएवढा. तिने सगळ्यांत जास्त झाडं लावली होती, ती कुठे होती तेही दाखवता येत नव्हतं.

त्या दिवशी मशीन बंद होतं. आमचा भाडेकरू खोरं घेऊन आला आणि काकीच्या दारातला चिखल उपसायला लागला. कुणी त्याला बोलावलं नव्हतं. बराच वेळ कुणी त्याच्याशी बोललं नाही. मग काकीनेच त्याला पाणी दिलं. पितापिता तो म्हणाला, "आजी, ह्यो माझ्या हातचाच चिखल हाय."

"तुज्या हातचो न्हय रे," काकी म्हणाली. "तुका पोट भरूंक जाय न्हय."

पण ती हे पायरीवर बसून, दुसरीकडेच बघत म्हणाली. दोन दिवसांनी तिच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली. तिची मुलगी वाळपईला दिलेली, ती आली आणि काकीला आपल्याकडे घेऊन जाते म्हणाली. काकीने वाद घातला नाही. तेच मला सहन झालं नाही. वाद घातल्याशिवाय ती कधी कुणाचं ऐकायची नाही.

ती निघाली तेव्हा मी तिला धीर द्यायला म्हटलं, "वाळपईला रान आहे, काकी. इथल्यापेक्षा मोठं."

"थंयचो डोंगर माका वळखना," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

श्रावणात फागलांना फुलं आली. वरच्या घरांतले तीन वेल चिखलातून वाचले होते आणि खालच्या घरांतले दोन चिखल फोडून वर आले होते. पाच वेल, पिवळी फुलं, रोज. रोज ती गळून पडायची. एक फळ धरेना. मला कळेना काय चुकतं. मी राख घातली, शेणपाणी घातलं. शेवटी एका शुक्रवारी काही फुलं पानात गुंडाळून म्हापशाच्या बाजारात घेऊन गेलो. तिथे फागलां विकायला बसलेल्या एका बाईला दाखवली. तिने एक एक फूल उलटं करून बघितलं आणि हसली.

"सगळे दादलेच आसात तुजे," ती म्हणाली.

तिने समजावलं. फागलांचा नर वेल वेगळा, मादी वेगळी. मादीच्या फुलाखाली बारीक काटेरी गाठ असते, तीच फळ होते. रानात दोन्ही शेजारी असतात, म्हणून कुणाला विचार करावा लागत नाही. आमच्याकडे वाचलेले पाचही नर होते. माद्या मेलेल्यांत गेल्या होत्या, आणि जिथून आणल्या तिथे आता खडीचा रस्ता होता. म्हापशाहून डिचोलीची बस सुटली तरी मी स्टँडवर तसाच उभा राहिलो. अठरा वर्षं झाडांत काढलेल्या माणसाला हे बाजारात कळावं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मागच्या खोलीतल्या बाईकडे एक होता. तेलाच्या डब्यात."

मला माहीतच नव्हतं. काम सुरू झालं त्या आठवड्यात मशीनच्या बकेटमध्ये एक कंद आला होता. भाडेकरूने तो खिशात घालून आणला होता आणि लाजेने आम्हांला न सांगता बायकोला दिला होता. पण आषाढ सरताना त्याचं काम पेडण्याकडे लागलं, तेव्हा ते दोघं खोली सोडून गेले होते. डबाही घेऊन.

मी फोन केला. "बाईला विचार," मी म्हटलं, "फुलाखाली गाठ आहे का."

त्याने विचारलं. मला त्याच्या बायकोचा आवाज ऐकू आला, "हाय, पण सुकून पडतीया."

फागलांचं फूल संध्याकाळी उमलतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच संध्याकाळी उमलतील अशा नर कळ्या केळीच्या ओल्या पानात बांधल्या आणि म्हापशामार्गे पेडण्याला गेलो. बसमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, पूजेला काय? मी हो म्हटलं.

ते पत्र्याच्या खोल्यांच्या रांगेत राहत होते. वेल खिडकीच्या गजांवरून पत्र्यावर चढलेला. सोडवून आणला असता तर तुटला असता. मी तिथेच वाट बघत बसलो. दिवेलागणीला दोन फुलं उमलली. माझ्या कळ्यांतली एकच धड उघडली होती, बाकीच्या उकाड्याने काळ्या पडल्या होत्या. मी तिच्या पाकळ्या काढल्या आणि आतला पिवळा पराग दोन्ही फुलांना लावला. भाडेकरू मोबाईलचा उजेड धरून उभा होता, त्याची बायको वाकून बघत होती. आम्ही तिघं काय करतोय हे बघायला शेजारचे दोघे आले आणि काही न कळून गेले.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. "काका, एक पडलं. एक फुगलंय."

चवथीला चार दिवस होते. वाड्यावर कळलं तेव्हा सगळ्यांनी एकच म्हटलं, ते आणा, एक तरी आपल्या डोंगरावरचं माटोळीला लागू दे. वयनी म्हणाली, काकीला बरं वाटेल. पण हिरवं तोडलं तर बी तयार होत नाही. मी नाही म्हटलं. त्यावरून दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. त्या वर्षी आमच्या सगळ्यांच्या माटोळीला सत्तरी तालुक्याकडून आलेलं, बाजारातलं सामान होतं. मी पूजा केली, पण वर बघवत नव्हतं.

फळ पिवळं होऊन तडकलं तेव्हा भाडेकरूच्या बायकोने ते रुमालात बांधून ठेवलं. कार्तिकात तो स्वतः घेऊन आला, डब्यासकट. वेल वाळला होता. मी माती उकरली तर हाताला लागला तो कुजून मऊ झालेला कंद. डब्याला खाली भोक नव्हतं. सगळ्या पावसाचं पाणी आत साचलं होतं. पेडण्याला मी त्या डब्याशेजारी तीन तास बसलो होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. भाडेकरू सारखं म्हणत होता, चुकलं काका, चुकलं. त्याला मी काय सांगणार. नर्सरीत पहिल्या दिवशी शिकवतात ते.

म्हणजे राहिल्या त्या फळातल्या चौदा बिया. मी वाळपईला फोन केला. काकीची मुलगी म्हणाली, आई कमी बोलते हल्ली. फोन तिच्याकडे दिला. मी म्हटलं, "काकी, बिया घेऊन येतो. तुझ्या हाताने लाव."

"हांगा कित्याक हाडटा?" ती म्हणाली. "थंयच लाय. आनी रे, माका दाखोवंक म्हूण येवूं नाका. बियो सांबाळ." इकडे आणू नकोस, तिथेच लाव, एवढंच तिचं म्हणणं. मग तिला खोकला आला आणि मुलीने फोन घेतला. पौषात ती गेली. तिच्या घराची भेग तशीच आहे, कुलूप आहे.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर मी बिया लावल्या. पाच उगवल्या. दोन गोगलगायींनी खाल्ल्या. तीन आहेत, वीतभर झाल्या आहेत. नर की मादी हे फूल येईपर्यंत कळत नाही आणि फूल या वर्षी येईल की पुढच्या, तेही सांगता येत नाही. डोंगरावर आता कंपाउंडची भिंत झाली आहे. खालच्या घरांतल्या एकाने अंगणात फरशी घातली, दुसरा मुलाकडे मडगावला गेला. चौदापैकी सहा घरांत काहीतरी जिवंत आहे.

तीनपैकी एक रोप मागायला परवा वयनी आली. मी दिलं. दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेलो तर कोंबडीने शेंडा टोचलेला. तिने करवंदाच्या फांद्या आणून भोवती काटे लावले होते आणि हातांवरचे ओरखडे पाण्याखाली धरून उभी होती.

"खालून फुटलें तर फुटतलें न्हय?" तिने विचारलं.

मी वाकून बघितलं. खालचं एक पान शाबूत होतं.